मधोमधची खुर्ची

६ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

भिंत उभी राहिली. तिला खरं काय काय लागलं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी 'मामाला काय, हौस' असं म्हणायला नको. विटा-सिमेंट हा त्यातला किरकोळ भाग. एक खिडकी गेली, दुपारचा वारा जिच्यातून यायचा ती. माझी कंबर गेली, कारण गवंडी अर्ध्यात पळाला आणि दोन भिंतींमधली ती अंगाला खाजणारी काचेची लोकर मलाच कोंबावी लागली. लांबोळक्या खोलीचा मागचा तुकडा गेला. तुझ्या मामीचं बोलणं महिनाभर गेलं होतं; ते आता परत आलंय, त्यामुळे ते खर्चात धरायचं की जमेत, हे अजून ठरत नाही.

पण काय रेकॉर्डिंगची खोली झालीय! चौदा बाय चौदा, चारी बाजूंनी सारखी. पलीकडे शिंप्याचं दुकान आहे हे तुला माहीत आहेच. पूर्वी त्याची मशीन माझ्या माईकमध्ये यायची आणि माझं गाणं त्याच्या गिऱ्हाइकांच्या कानात जायचं. आता या भिंतीतून एक सूर इकडचा तिकडे होत नाही. लिहून घे, एक सूर नाही. रस्त्याने ट्रक गेला तर मला ते मामीकडून कळतं. टेबल आणि खुर्ची बरोब्बर मधोमध आहे. फीत लावून मोजलं आणि टेबल फरशीला बोल्ट मारून पक्कं केलं. उगीच कोणी झाडताना सरकवायला नको.

हे सगळं उंटासाठी, आपल्या लांब मानेच्या बासवाल्यासाठी. त्याच्या हाताचं तुझ्या कानावर असेलच. उजव्या हाताची बोटं थरथरतात. डॉक्टर म्हणतात नस आहे, आणि 'बघू' म्हणतात. मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना 'बघू' म्हणत आलोय, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो. माझी निम्मी रेकॉर्डिंगं या माणसाच्या बास गिटारवर उभी आहेत. लोकांना गाणारी आठवते, खाली कोण वाजवत होतं ते आठवत नाही. म्हटलं, एकदा त्याच्या नावाची सहा गाणी होऊ देत. हात चालत होता तेवढ्या दिवसांत त्याने ती वाजवून दिली. आता पुन्हा वाजवणं नाही.

सगळे आवाज जुळवून, मिक्स करून सहाही गाणी तुला पाठवली आहेत. शेवटचा हात तू फिरव. उंटाला ऐकवली, तर नुसतं 'छान' म्हणाला, टोपी उचलली आणि गेला. भरून आलं त्याला.

फोन करणार नाही, कारण तुला ठाऊक आहे. फोनमध्ये माणसाचा खर्ज कापला जातो. उंटासारखा माणूससुद्धा फोनवर चिमणी वाटतो.

तुझा मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

उशीर झाला, रागावू नका. इथे स्टुडिओच्या तळघरात दिवस कधी उगवला कळत नाही. दुसऱ्यांची गाणी ऐकून ऐकून असं झालंय की घरी गेल्यावर कोणी बोललेलंही नको वाटतं. वर हवेचं यंत्र दिवसभर हूं हूं करतं. आमच्या मालकाला ते ऐकूच येत नाही. माझ्या तर ते दातात बसलंय.

गाणी ऐकली. उंटकाकांनी काय वाजवलंय! दुसऱ्या गाण्यात गाणाऱ्या बाई श्वास घेतात तिथे त्यांनी एकच सूर ठेवलाय आणि उचललाय, तो मी परत परत लावला.

एक विचारू का? बास जरा जास्त झालाय का हो? म्हणजे सगळा नाही. सगळ्यात जाड तार मोकळी वाजते तेव्हाच. इथल्या मोठ्या स्पीकरवर ऐकलं, छोट्यावर ऐकलं, मग ऑफिसच्या गाडीत बसून ऐकलं. तिसऱ्या गाण्यात गाडीचा आरसा एवढा हलायला लागला की मागचं काही दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, हे गाणं आहे की इंजिन?"

कदाचित आमच्याकडेच काही गडबड असेल. तुम्हाला सर्दीबिर्दी नाही ना? हवा बदलतेय म्हणून विचारलं.

तुमची भाची


२७ फेब्रुवारी

भाचीबाई,

सर्दी नाही. आणि हे 'म्हणजे', 'कदाचित', 'जरा' असले शब्द मी तुला शिकवले नव्हते. मिक्स वाईट असेल तर वाईट म्हणायचं.

बास जास्त? अगं, मला तर तो कमीच वाटत होता! जाड तारेचा तो मोकळा सूर आला की तिथे नुसतं भोक पडायचं. उंट एवढ्या आवडीने वाजवतो आणि तिथे काहीच नाही, म्हणून मी तो ओढून ओढून वर आणला. हात दुखले. आणि तू म्हणतेस जास्त. तुझ्या तळघराची तब्येत बघ आधी. ज्या मालकाला डोक्यावरचं यंत्र ऐकू येत नाही, त्याने लावलेले स्पीकर ते!

माझे कान कसे आहेत ते तुला सांगायला नको. जिन्यावर येणारा माणूस पैसे द्यायला येतोय की मागायला, हे मी पावलांवरून सांगतो. मामीने कप कसा ठेवला यावरून मला दिवसाचा अंदाज येतो. या कानांवर मी शून्यातून इथवर आलो. माझ्याकडे ना डिग्री, ना ओळख.

शिंपीही आला होता. म्हणतो, "साहेब, माझी टाचण्यांची डबी आपोआप चालते. टेबलाच्या कडेला जाते आणि पडते." मी म्हटलं, रस्त्यावरचे ट्रक बघ. भिंत बघितलीस का केवढी आहे? तो भिंतीकडे बघत राहिला आणि गेला. सध्या सगळ्यांनाच तक्रार करायची आहे, फक्त उंट सोडून. तो तर इकडे फिरकतच नाही. मन भरलं असेल.

मी पुन्हा ऐकणार नाही. थकलोय गं. आहे ते पक्कं कर.

मामा


१४ मार्च

भाचीबाई,

तू मामीला लिहिलेलं पत्र मी वाचलं नाही. तिनेच वाचून दाखवलं, तेही मोठ्याने, मला ऐकू येतं का ते बघायला.

'मामा टीव्ही मोठ्याने लावतात का? एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते का?' लागते, पण त्याचं कारण कान नाही, हे तुझ्या मामीला लग्नापासून माहीत आहे.

गेलो मी कानांच्या डॉक्टरकडे. तुमच्या दोघींच्या समाधानासाठी एका काचेच्या पेटीत बसलो आणि आवाज आला की बटण दाबत राहिलो. डॉक्टर तुझ्याच वयाची. म्हणाली, "काका, वरचं थोडं गेलंय, वयाप्रमाणे. खालचं एकदम शाबूत आहे." मी म्हटलं, हे कागदावर लिहून दे. दिलं. त्याची प्रत सोबत आहे, फ्रेम करून तळघरात लाव.

तर आता सांग. कान शाबूत, खोली नवी, भिंत एवढी जाड. मग चूक कुणाची?

मामा


२२ मार्च

मामा,

माफ करा. मामीला लिहायला नको होतं, तुम्हालाच विचारायला हवं होतं. पण तुम्हाला काही विचारायचं म्हणजे आधी स्वतःच्या आवाजातला 'कदाचित' काढावा लागतो आणि तेवढी ताकद दिवसाच्या शेवटी उरत नाही. ही घ्या, आज काढलाय.

कान शाबूत आहेत हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की आता मला खरं लिहावं लागणार.

उंटकाकांना भरून आलं नव्हतं. त्यांनी मला फोन केला होता, तुमच्या पहिल्या पत्राच्याच आठवड्यात. म्हणाले, "पोरी, ते माझं वाजवणं नाही. मी चालत असतो. हा कोणीतरी एकाच जागी उभा राहून पाय आपटतोय. पण मामाला सांगू नकोस. त्याने माझ्यासाठी भिंत बांधलीय." मी शब्द दिला होता, तो आज मोडतेय. कारण अजून एक गोष्ट तुम्हाला माहीत दिसत नाही. ते एप्रिलअखेर मुलीकडे राहायला चाललेत, कायमचे. गिटार विकायला काढलीय. 'छान' म्हणून ते उठले ना, तिथेच त्यांनी विषय मिटवलाय मामा. आपली शेवटची रेकॉर्ड अशी झाली म्हणून गप्प बसून जाणार आहेत.

वाजवलेलं मात्र जसंच्या तसं आहे. तुम्ही गिटार थेट वायरीने यंत्रात घेतलीत, तिला खोलीचा आवाज लागलेलाच नाही. हे तुमचंच शहाणपण.

आता एक करा. यंत्रातून एक सपाट, लांब सूर काढा, जाड मोकळ्या तारेच्याच उंचीचा. त्यात गिटारची धार नको. तो चालू ठेवून खुर्चीत बसा. मग उठा आणि भिंतीपर्यंत चालत जा. बाकी मी काही सांगत नाही. तुम्ही टेबल बरोब्बर मधोमध ठेवलंय आणि खोली चौकोनी केलीय, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं, पण तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे...

बघा, पुन्हा सुरू झालं. करा एवढं.

तुमची भाची


५ एप्रिल

भाचीबाई,

केलं नव्हतं. बरेच दिवस केलं नव्हतं. तुझं पत्र टेबलावर उपडं ठेवलं होतं आणि त्यावर कप ठेवत होतो.

उंटाकडे गेलो होतो. दार उघडलं, 'ये' म्हणाला, पाणी दिलं. भिंतीला गिटारची पेटी उभी होती आणि तिला दोरी बांधलेली होती, जशी सामानाला बांधतात. मी हवापाण्याचं बोललो, तोही बोलला. तीस वर्षं एकमेकांच्या शिव्यांवर जगलेली माणसं आम्ही, आणि हवापाण्याचं बोललो. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. परत आलो आणि सूर लावला.

खुर्चीत बसलो, तर काही नाही. मला वाटलं स्पीकर गेला. आवाज वाढवला. नाही. अजून वाढवला. इतक्यात मामी दारात आली आणि कानांवर हात ठेवून ओरडली, "बंद करा ते! पोटात गोळा येतोय!"

"कसलं बंद करू? वाजतच नाहीये!"

"वाजत नाहीये? इथे येऊन उभे राहा जरा!"

"तूच इथे येऊन बस!"

ती आली, खुर्चीत बसली आणि कानांवरचे हात काढले. मी दारापाशी गेलो आणि छातीत कोणीतरी हात घातल्यासारखं झालं. कोपऱ्यात गेलो तर दात वाजायला लागले. परत खुर्चीपाशी आलो, गायब. भिंत, खुर्ची, भिंत, खुर्ची. किल्ल्या हरवलेल्या माणसासारखा मी स्वतःच्या खोलीत फिरत होतो आणि मामी मधोमध बसून म्हणत होती, "अगंबाई, इथे खरंच काही नाही."

तू पोट धरून हसत असशील. हस. चौदा फुटांच्या खोलीत तो सूर भिंतींपाशी दाटतो आणि बरोब्बर मध्ये पोचेपर्यंत स्वतःच स्वतःला खाऊन टाकतो. खोली लांबोळकी होती तेव्हा कसंतरी भागायचं. मी भिंत घालून ती चौकोनी केली, लांबी-रुंदीचं एकच दुखणं करून घेतलं, मग फीत लावून नेमकी ती एकच जागा शोधली जिथे उंट ऐकू येत नाही, आणि तिथे स्वतःला बोल्ट मारून घेतले. तिथे बसून त्याला वर ओढत राहिलो. जगभर तो पाय आपटत होता आणि मी म्हणत होतो, ऐकू येत नाही.

बोल्ट निघेनात. शेवटी कापावे लागले. टेबल पुढच्या भिंतीकडे सरकवलंय. डावी-उजवीकडून मध्येच आहे, पण पुढून-मागून नाही. कोपऱ्यांत जाड काहीतरी भरायला हवं, म्हणून शिंप्याकडे चिंध्या मागितल्या. त्याने पोतीच्या पोती दिली. ती जमिनीपासून छतापर्यंत रचली आहेत. खोली आता धोब्याच्या गोदामासारखी दिसते, पण सूर निदान सगळीकडे सारखा वागतो.

त्या सुराला मी किती चढवून ठेवलं होतं ते तुला सांगणार नाही. सगळं खाली आणलं आणि कोऱ्यापासून सुरुवात केली. पण जमत नाहीये. आता बास कमी केला तर तो ऐकूच येत नाही, वाढवला तर ढोलाशी भांडतो. दुपारी खिडकी नसलेल्या खोलीत बसून मला वाटलं, द्यावं सोडून. साठी उलटलेल्या माणसाने किती वेळा पहिल्यापासून सुरू करायचं?

मामा


१३ एप्रिल

मामा,

सोडू नका. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मला कुणाला धीर द्यायचं त्राण नाही. तुम्ही नव्याने पाठवलेलं तिसरं गाणं जमत आलंय म्हणून म्हणते. गाडीत लावलं होतं. आरसा हलला नाही. ड्रायव्हर काही बोलला नाही, उलट पुढच्या सिग्नलला बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला होता.

मी नवीन होते तेव्हा मी असाच बास चढवत बसले होते, तर तुम्ही मागून माझी खुर्ची ओढली होती आणि म्हणाला होतात, "त्याला वर चढवू नकोस, बाकीच्यांना खाली बसलेत तिथून उठव." तेच करा. गाणाऱ्या बाई माईकला ओठ लावून गातात, त्यांच्या आवाजाच्या तळाशी नुसती घरघर आहे, ती कापा. साध्या गिटारचा तळ कापा, तिला तो नकोय. पंख्याचीही गुरगुर आलीय मागे. ढोलाचा धक्का राहू द्या, पण त्याची शेपूट आखूड करा, म्हणजे ती मागून येणाऱ्या सुरावर पसरणार नाही. तळमजल्यावर फक्त दोन भाडेकरू ठेवा, ढोल आणि बास, आणि त्यांनाही एका वेळी एकच दार.

उंटकाकांना फोन करू नका. केलात तर ते फोनवर 'छान' म्हणतील. फोनवर त्यांना बास ऐकूही येणार नाही. तुमच्याकडे ऐकायला बोलावलं तरी येतील का, माहीत नाही. महिनाअखेर जवळ आलीय. काही सुचत नाही मामा. मी सहा गाणी थांबवून धरलीत, मालक रोज विचारतो. मी रोज 'बघू' म्हणते.

तुमची भाची


२८ एप्रिल

प्रिय भाचीबाई,

गाणी पाठवली आहेत. तुझ्या मालकाला सांग, बघितलं.

मी उंटाला बोलावलं नाही. तीनदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. काय म्हणणार होतो, ये आणि पुन्हा छान म्हण? परवा दुपारी बसलो होतो. तू सांगितलेलं सगळं कापून झालं होतं. तिसरं गाणं लावलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग पुन्हा लावलं. काही करायचं उरलं नव्हतं म्हणून लावलं. चूक सापडत नव्हती आणि आनंदही होत नव्हता. असं होतं, फार दिवस एकच गोष्ट ऐकली की.

आणि दार उघडलं. उंट! कमरेला धरून ठेवलेली पँट, त्यात शिंप्याच्या टाचण्या लावलेल्या.

"हे काय सोंग?" मी म्हटलं.

"पोरीकडे जायचंय. पँटी ढगळ झाल्यात सगळ्या. आत घ्यायच्या होत्या," म्हणाला. मग उभाच राहिला. टाचण्यांमुळे बसता येत नव्हतं. "आत्ता काय लावलं होतंस?"

"कधी?"

"आत्ता. दोनदा लावलंस."

"तिसरं."

"तेच म्हटलं." त्याने भिंतीकडे मान केली, ती लांब मान. "मी तिकडे बाकावर बसलो होतो, नंबर यायचा होता. बाई नव्हत्या, गिटार नव्हती, कोणी नव्हतं. मी एकटाच होतो. आधी कळलंच नाही हा कोण वाजवतोय. म्हटलं, बरा वाजवतोय की. चालतोय. मग माझा नंबर लागला, टाचण्या लावत असताना तू पुन्हा लावलंस. तो खाली उतरायचा तुकडा आला, आणि शिंप्याला म्हटलं, थांब, हलू नकोस."

"मग?"

"मग काय. मी होतो तो."

त्याचा हात खिशात होता आणि खिसा हलत होता. मी त्याला सहाही गाणी लावून दिली. तो कोपऱ्यात चिंध्यांच्या पोत्यांना टेकून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "दुसऱ्यात एक सूर चुकलोय मी."

"काढू?"

"राहू दे. मीच आहे तो." मग मला म्हणाला, "गाढवा, एवढे महिने काय करत होतास?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. कितीतरी दिवसांनी शिवी दिली त्याने.

मुलीकडे तो जाणारच आहे, रविवारी. हात काही सुधारणार नाही. पेटीची दोरी मात्र सोडलीय. गिटार विकत नाही, सोबत नेतोय. वाजवता येणार नाही, पण म्हणाला, भिंतीला लावून ठेवतो.

तो गेल्यावर शिंपी टाचण्या मागायला आला. मी त्याला चहा दिला आणि डबीबद्दल माफी मागितली. म्हटलं, तेव्हापासून तुला माझ्याकडचं ऐकू येत होतं का रे? तो म्हणाला, "भिंतीच्या आधी पूर्ण गाणं यायचं साहेब. भिंत झाल्यापासून फक्त बास येतो."

तुझा मामा